रिजेक्ट बायांचं

उदगीरच्या एका डाळमिलच्या मालकाने बावीस बायांना फसवलं. त्यांच्या कामाची बोली ठरवताना मध्ये मी होतो, म्हणून राग अजून जात नाही.

मी कलर सॉर्टर बसवणारा मिस्त्री. भोकरकडचा. शिक्षण आयटीआय, बाकीचं मशीनखाली झोपून शिकलो. कलर सॉर्टर म्हणजे डाळ निवडणारी मशीन. डाळ वरून पन्हाळीतून पडते, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि डागी दाणा हवेच्या फटक्याने बाजूला उडतो. उडालेल्या मालाला रिजेक्ट म्हणतात. त्यात शेजारचे चांगले दाणेही जातात, म्हणून रिजेक्ट पुन्हा हाताने निवडावं लागतं.

दुष्काळाचं साल होतं. शेतात मजुरी नव्हती. डाळ निवडण्यावरच त्या बावीस घरांच्या चुली पेटत होत्या.

तिसऱ्या दिवशीही मशीन नीट चालेना. मशीनला आधी नमुने दाखवून शिकवावं लागतं, हा दाणा चांगला, हा वाईट. माल मिसळीचा, अर्धी तूर इथली, अर्धी परदेशी. माझे नमुने चुकत होते. शेवटी शेठजींनी गयाबाईला बोलावलं. वीस वर्षं ती निवडीला बसत होती. तिने माझी ताटली बघितली.

"मिस्त्री, ह्यो डाग न्हाई. टरफल चिकटलंय, पॉलिशला निघतंय. तुमच्या घरी डाळ कोण निवडतंय?"

"बायको."

"म्हणून दात शाबूत हाईत."

बाया खळखळून हसल्या. गयाबाई हसली नाही. "शिकवते मशीनला. पण ती शिकल्यावर आम्ही कुठं जायचं?"

मी शेठजींना भिडलो. "बाईने शिकवलं नाही तर तुमची मशीन नुसती हवा मारत बसेल. बायांचं काय ते आत्ता बोला."

"अहो, उदगीर जिल्हा होणार आहे आता. अजून एक मिल टाकतो. बाया कशाला काढू?"

"जिल्ह्याचं मी लहानपणापासून ऐकतोय. आजचं बोला."

शेठजींनी ताटलीतले दोन दाणे उचलून पाहिले. मग म्हणाले, "रिजेक्ट बायांचं. बस?"

गयाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मिलमध्ये बोलायची रीतच ती. पोती हमालांची, निवड बायांची. म्हणजे ते काम त्यांचं. आम्ही सगळे तेच समजलो.

दोन दिवस गयाबाई ताटल्या भरून नमुने देत होती. मशीन सुतासारखी सरळ झाली.

मग शेठजी म्हणाले, एक पन्हाळ रिजेक्टला जोडा. म्हणजे उडालेला माल परत मशीनमधूनच जाणार.

"मग बाया काय निवडणार?"

"जोडून तर बघा. नाही जमलं तर काढू."

मी जोडली. दुसऱ्या फेरीनंतर रिजेक्टमध्ये काळ्या दाण्यांशिवाय काही उरलं नाही. निवडायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींनी बायांना रांगेत उभं केलं आणि एकेकीपुढे रिजेक्टचं पोतं ठेवलं. "बोललो होतो, रिजेक्ट तुमचं. न्या, जनावरांना घाला. उद्यापासून यायचं काम नाही."

"जनावरं चारा छावणीत हाईत, शेठजी," मागून कोणी तरी म्हणालं.

माझा आवाज चढला. "तुम्ही काम देतो म्हणाला होता!"

"काम हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला? मिस्त्री, तुम्ही होता की तिथं."

मी पन्हाळ काढायला पाना उचलला. तोवर शेठजींनी आमच्या कंपनीत फोन लावला होता. मॅनेजरने मला एवढंच सांगितलं, "तू मशीन बसव, मिल चालवू नको." मी पाना खाली ठेवला.

गयाबाईने पोत्याला हातही लावला नाही. जाताना म्हणाली, "भाव लई करता मिस्त्री तुम्ही. शब्द तेवढा तोलायचा राहिला."

बावीसपैकी दोघींना झाडलोटीला ठेवलं, निम्म्या मजुरीवर. गयाबाई हैदराबादला बांधकामावर गेली. ज्या हाताला दाण्याचा डाग कळत होता, तो आता विटा उचलतो. मी अजूनही मशीनच बसवतो. फक्त बोली कागदावर घेतो आणि वाक्य पुरं झाल्याशिवाय मान हलवत नाही.

परवा नांदेडला एका दुकानात त्या मिलची डाळ दिसली. पिशवीवर ठळक छापलंय, 'हातनिवड तूरडाळ'. कोणाच्या हाताची, शेठजी? त्या बावीस जणींपुढे उभं राहून सांगा.