कन्यादानाला बाबा पाटावर बसले, त्याची गोष्ट

भुताखेतांना मी कधी भीक घातली नाही. आमच्या सालेकशाकडे पोरीबाळी पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला जंगलात जायच्या, मीही जायची. भिऊन बसलं तर टोपलं रिकामं राहतं. म्हणून पुढचं वाचून कोणी मला वेडी म्हटलं तरी हरकत नाही... मी पाहिलं ते भर दुपारी, मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर.

साल १९५६ असावं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. सालेकसा स्टेशनाहून बैलगाडीने आमच्या गावी यावं लागायचं. घरची थोडी धानाची शेती. बाबा ब्रह्मदेशच्या लढाईतून आले ते उजवा खुबा मोडून — ट्रक उलटला होता. हाड जुळलं, पण वाकडं. पुढे सांधाच झिजला, पाय आखूड झाला. मिलिटरीच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं होतं की खुब्यातला गोळा आणि वाटी घासून जाम झालेत, या पायाची मांडी आता विसरा. बाबा काठी टेकत चालायचे, हट्टाने नांगरही धरायचे, पण जमिनीवर बसणं संपलं. जेवायचे ते बाजेवर.

माझं लग्न ठरलं आणि प्रश्न आला — कन्यादानाला पाटावर कोण बसणार? धाकटे काका म्हणाले, मी आणि तुझी काकू बसतो, त्यात काय एवढं. बाबांना हे झोंबलं.

"लढाईले माह्या बदली कोणी गेलता का? मंग इथं कायले पाहिजे?"

त्या दिवसापासून ते रोज एकावर एक रचलेल्या पाटांवर बसून जेवू लागले. थोडं जमलं की एक पाट काढायला लावायचे. घामाने बनियन भिजायची, माय डोळ्याला पदर लावायची, पण हा माणूस ऐकेल तर शपथ. शेवटी तीन पाटांवर गाडी अडली. त्याच्या खाली खुबा जाईना, आणि तिथंही उजवा पाय लांब पसरावाच लागे. मायने ठरवलं, तीन तर तीन, वरून शाल टाकू.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या मामांनी नाक मुरडलं. मुलीचा बाप उंचावर आणि जावई खाली, हे कसं चालेल? काका घाबरले. त्यांनी दोन पाट गुपचूप काढून मांडवामागे नेले आणि बाबांना सांगायची हिंमत काही झाली नाही.

मी मान खाली घालून बसलेली. नवरीला दिसतात ते समोरच्यांचे गुडघे. बाबा आले, काठी बाजूला ठेवली. मला तर पाट एकच दिसत होता... वाटलं, आता पडतात, आणि सगळ्यांसमोर पडतात.

बाबा बसले. दोन्ही पाय मुडपून, सरळ मांडी घालून. उजवा गुडघा जमिनीला टेकला — माझ्यापासून हातभर अंतरावर. मायने तांब्यातून धार धरली. बाबांनी शांतपणे पाणी सोडलं, विधी संपेपर्यंत तसेच बसले, मग मायच्या खांद्याला धरून उठले आणि नेहमीसारखे लंगडत गेले. मला तिथंच रडू फुटलं. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून.

पाठवणीआधी मायने विचारलं, तर बाबा म्हणाले, तीन पाट होते ना, वरच्याची कड मांडीला रुतत होती. काका तर पांढरेच पडले. ते दोन पाट घेऊन ते स्वतःच मांडवामागे तंबाखू मळत बसले होते.

बाबांनी पुढे कितीदा तरी एकाच पाटावर बसून पाहिलं. जमलं नाही ते नाहीच. गोंदियाच्या डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि म्हणाले, कसं शक्य आहे? माझा नातू म्हणतो, आजी, विलपॉवर. अरे बाबा, मन दुखणं विसरेल... पण जाम झालेलं हाड कसं वळेल?

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा मी बाबांना सरळ विचारलं, ते तीन पाट तुम्ही डोळ्यांनी पाहिले का?

"मी खाली पाह्यलोच नाही, बाई. तुह्याकडंच पाहून राहिलो होतो."

माझ्याकडे उत्तर म्हणून एवढंच आहे. तुम्हाला दुसरं काही सुचलं तर जरूर सांगा. बाबांना विचारून खात्री करायची सोय मात्र आता राहिली नाही.