आधी राजीनामा

त्या चैत्रात संघप्रियाला कुठेही झोप लागायची. ग्रामपंचायतीच्या खुर्चीत, पोंभुर्ण्याहून परतणाऱ्या बसमध्ये, मोहफुलं वेचताना झाडाच्या बुंध्याला जरा टेकली तरी. डोळे मिटले की अख्खं गाव पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. बायका बोलत असायच्या, पण त्यांचे शब्द तिच्यापर्यंत येता येता विरून जायचे.

तिच्या सासूने, केसरबाईने, आधी ओळखलं. "तुले मोहाचा वास सहन होऊन नाई राह्यला," ती चुलीपुढून म्हणाली. "दोन्ही पोट्ट्यांच्या वक्ताले असंच झालं होतं."

संघप्रिया मोहबोडीची सरपंच होती, आणि तिला दोन मुलं होती. तिसरं जन्मलं की सरपंचपद जातं, असा कायदा. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, कारण निवडणूक आली की उमेदवाराच्या घरातली लेकरं आधी मोजली जायची.

तिला उभं केलं होतं खुशालभाऊने. वस्तीतला मोठा शेतकरी, पॅनल त्याचं. जागा बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा तो घरी येऊन म्हणाला होता, "तू बारावी शिकली हायेस. सही करायची, बाकी मी पाह्यतो." काही महिने तिने सह्याच केल्या. मग एकदा शिपाई महिला सभेच्या सह्या घेत घरोघर फिरताना दिसला. सभा झालीच नव्हती. तिने त्याला परत बोलावलं, समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या आणि बायकांना खरोखरच बसवलं. पहिल्या सभेत मागून एकीने सांगितलं, बोडीकडच्या, गावतळ्याच्या वाटेवर वाघ येऊन गेला, तिथे दिवा पाहिजे. दिवा लागला. खांबावर चढला तो संघप्रियाचा नवराच, अश्वजित. तो वायरमन होता. तेव्हापासून सभेला सतरंज्या कमी पडायला लागल्या.

पोटातली गोष्ट पोटात राहिली नाही. खुशालभाऊ आला, ओसरीवर बसला, पाणीही न पिता म्हणाला, "चंद्रपूरले माया वळखीचा डॉक्टर हाये. उद्याच जाऊ. कोनाले कळनार नाई. वस्तीची खुर्ची हाये ते, तुया एकटीची नाई."

आणि तिकडे पानठेल्यावर मुखरू. दुसऱ्या पॅनलचा पुढारी. त्याची बायको आशाबाई संघप्रियाविरुद्ध उभी राहून हरली होती. त्याला एकाएकी धर्म आठवला. "लेकरू पाडनं म्हनजे पाप," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "गावाची पह्यली बाईच असं करन तं बाकीच्या काय शिकतीन? येत्या ग्रामसभेत ठरावच घेऊ, या गावात कोनी पोट पाडायचं नाई." आणि मग खुर्ची रिकामी व्हायला किती महिने उरले, ते हळूच बोटांवर मोजायचा.

दुपारी तिला स्वप्न पडायचं. ती बोडीत उतरलेली. पाणी कोमट, गळ्यापर्यंत. एका काठावर खुशालभाऊ, दुसऱ्या काठावर मुखरू, दोघंही हात हलवून ओरडताहेत. ती उत्तर देते, पण तोंडातून कमळाचं देठ निघावं तसं काहीतरी लांबलचक, मुकं निघत राहतं. जाग आली की तिचा हात पोटावर असायचा. कधी वाटायचं, आत कोणीतरी सोबतीला आहे. कधी वाटायचं, नाही, आता नको, दोघांपुरतंच माझ्यात होतं. यातलं आपलं मन कोणतं, हेच तिला कळेना. बाहेरचा गलका आत शिरला होता.

एका पहाटे ती मोहाखाली टोपली घेऊन बसली होती. फुलं टपटप पडत होती, झुंजुमुंजू उजेडात सगळं पांढुरकं. समोरून एक बाई आली आणि काही न बोलता तिच्याच झाडाखाली वेचायला लागली. आशाबाई. निवडणुकीनंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

टोपल्या अर्ध्या भरल्या. मग आशाबाई मान वर न करता म्हणाली, "मागच्या निवडनुकीच्या आधी मले दिवस गेले होते."

संघप्रियाचा हात थांबला.

"तिसरे. आमच्या मानसानं मले गाडीत बसवलं, दवाखान्यात नेलं. फारम भरायचा होता ना. मंग मी हरली." ती थोडं हसली. "आता ठेल्यावर पाप पाप करते मानूस."

"तुमाले ठेवायचं होतं, आशाबाई?"

"माहीत नाई वं. मले कोनी पुसलंच नाई. पुसलं असतं तं मी बी इचार केला असता."

तिने आपल्या टोपलीतली ओंजळभर फुलं संघप्रियाच्या टोपलीत टाकली आणि झाडांमागे निघून गेली.

एक मेच्या ग्रामसभेआधी महिला सभा भरली. संघप्रिया उभी राहिली आणि म्हणाली, "मी सरपंचपद सोडून राह्यली. उद्या राजीनामा देतो."

एकच गलका उठला. "म्हनजे ठेवनार हायेस?" कोणीतरी विचारलं.

"ते मी आजून ठरवलं नाई. खुर्ची असली तं मले ठरवता येत नाई. ठेवलं तं खुर्ची सोडली म्हनतीन, काढलं तं खुर्चीसाठी काढलं म्हनतीन. माया मनाचं कोनतं, ते मलेच आयकू येत नाई."

सगळ्याच तिच्या बाजूने नव्हत्या. अंजनाबाई तडकली, "मी दोघावर आपरेशन केलं. कायदा मले लागू, तं हिले काऊन नाई? आन तुले आम्ही मत दिलं ते असं सोडून द्यायले?" मताचं अंजनाबाई म्हणते ते खरं आहे, हे संघप्रियाने मान्य केलं. वाद लांबला. शेवटी भिंतीशी बसलेली आशाबाई उठली. मोहाखाली सांगितलेलं तिने सगळ्यांपुढे सांगितलं, त्याच सपाट आवाजात. मग कोणी ओरडलं नाही. दोन ठराव झाले. पोट ठेवायचं का नाही, हे बाई आणि तिचा डॉक्टर ठरवतील, गाव नाही. आणि लेकरं मोजून बाईची खुर्ची काढणारा नियम बदलावा. अंजनाबाईने पहिल्याला हात वर केला, दुसऱ्याला केला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मुखरूचा ठराव आलाच नाही. तो खाली मान घालून बसला होता. त्याच दिवशी खुशालभाऊने संघप्रियाशी बोलणं सोडलं. राजीनामा पंचायत समितीत पोचला, आणि एकाएकी तिच्या दाराशी कोणी येईना. घर शांत झालं. ती झोपली, उठली, भात रांधला, अंगणात बसून राहिली. त्या शांततेत हळूहळू, तळ्याचं गढूळ पाणी निवळावं तसं, तिला आपलं मन दिसलं. तिला तिसरं मूल नको होतं. कारण एवढंच होतं.

तिने अश्वजितला सांगितलं. तो पक्कड हातात फिरवत राहिला. "मले पायजे होतं," तो म्हणाला. "खोटं काऊन बोलू. पन तुया जिवाचं तू पाह्य. मी संगं येतो."

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉ. मयुरी नावाची तरुण डॉक्टर होती. तिने अश्वजितला बाहेर बसवलं आणि विचारलं, "ताई, हे तुम्हाला स्वतःला हवंय ना? कोणाचा दबाव?"

"आता नाई," संघप्रिया म्हणाली, आणि तिला रडू आलं. डॉक्टर थांबली. रडणं संपेपर्यंत तिने दुसरं काही विचारलं नाही.

गावाला ते कधीच कळलं नाही. म्हणजे झालं ते कळलं, पण मग राजीनामा कशाला दिला, हे कळलं नाही. "खुर्ची बी गेली, लेकरू बी गेलं," खुशालभाऊ अजून म्हणतो. केसरबाईने एकदाच विचारलं, "दुःख होते का?" संघप्रिया म्हणाली, "होते कधी कधी." सासूने तिच्या केसांना तेल लावलं, अंगठ्याने हळूहळू, ती पेंगुळेपर्यंत.

पोटनिवडणुकीत आशाबाई सरपंच झाली. मुखरू शेजारची खुर्ची ओढून बसतो, बऱ्याचदा तोच बोलतोही. नियम बदलण्याचा ठराव वर गेला, अजून उत्तर नाही. पण महिला सभेत मुखरूला जागा नसते. श्रावणातल्या सभेला समाजमंदिराच्या टिनाच्या छपरावर पाऊस इतका वाजत होता की कोणाचंच ऐकू येईना. आशाबाईने हाताने खूण केली, सगळ्या सरकून गोल जवळ बसल्या, गुडघ्याला गुडघे लावून, आणि संघप्रियाने बोडीतल्या मासेमारीच्या ठेक्याची गोष्ट काढली.