वाटीतली कॅप्सूल

माझ्या सादरीकरणात जगाचा नकाशा होता. कारखाने लाल ठिपक्यांनी दाखवले होते, बंदरे निळ्या बाणांनी, आणि तळाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष दिला होता: कृत्रिम ओपिऑइड बहुस्तरीय पुरवठा साखळीतून सामान्य माणसापर्यंत पोहोचतात. मी कलबुर्गीला औषधशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढील संशोधनासाठी अर्ज करायचा होता आणि त्यातील 'समाजाभिमुख कार्य' हा रकाना कोरा होता. कोरे रकाने मला सहन होत नाहीत. म्हणून एका शनिवारी शाळेत व्याख्यान देण्याचे ठरवून मी आदल्या दिवशीच आत्याच्या गावी जाऊन पोहोचले.

आत्याचे गाव खटकचिंचोळीच्या पुढे, रस्त्यालगत. तिच्या गल्लीच्या टोकालाच मराठी माध्यमाची शाळा. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणतात. तिच्या नजरेतून कोणाचे दुखणे सुटत नाही. मागच्या हिवाळ्यात सोलापूरला तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून दुखण्यांच्या बाबतीत तिचा अधिकार अधिकच वाढला.

सकाळी तिने चहाआधी स्टीलच्या डब्यातून एक कॅप्सूल काढून तोंडात टाकली. मी डब्यातल्या पाकिटाची मागची बाजू वाचली. ट्रॅमाडॉल, म्हणजे माझ्या विषयातलेच कृत्रिम ओपिऑइड.

"आत्या, ही तर ऑपरेशननंतर थोडेच दिवस घ्यायची होती."

"मग? थोडे थोडे करूनच घ्यायले की."

"घेतली नाही तर काय होतं?"

"घाम सुटतंय. झोप लागंना. अंगात मुंग्या फिरायल्यात असं वाटतंय." ती चहा गाळत म्हणाली. "जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार देतंय. तू कामून तोंड पाडलीस?"

तिने सांगितलेली लक्षणे जवळजवळ त्याच क्रमाने माझ्या सादरीकरणात होती. शरीराला औषधाची सवय लागल्याची ती खूण आहे, असे मी तिला समजावले आणि सोमवारी भालकीच्या डॉक्टरांकडे जाऊ, असेही सुचवले.

"डॉक्टर म्हणंल, बंद कर. त्यो म्हणून मोकळा. रात्रभर तळमळायचं कुणी, त्यानं?" तिने माझ्यापुढे कप ठेवला. "जा, पोरांला शिकव. मला शिकवायला तुझं वय न्हाई."

शाळेत नववी आणि दहावीची मुले एकाच वर्गात दाटीवाटीने बसवली होती. प्रोजेक्टर लावला आणि वीज गेली. "येतंय मॅडम, करंट आता येतंय," असे आश्वासन देऊन मुख्याध्यापक निघून गेले; त्यानंतर वीज आली नाही आणि तेही आले नाहीत. मी खडू उचलला. अफू खसखशीच्या बोंडातून निघते. कृत्रिम ओपिऑइडाने मात्र बोंडाचे तोंडही पाहिलेले नसते, ते कारखान्यातच जन्मते आणि मेंदूत जाऊन अफूसारखेच काम करते. वेदना कमी होते, पण मात्रा चुकली, किंवा दारू वा झोपेच्या गोळीची जोड मिळाली, तर श्वास मंदावतो. माणूस झोपला आहे असे घरच्यांना वाटते आणि प्रत्यक्षात त्याचा श्वास थांबत चाललेला असतो.

माझ्या मते हे वाक्य परिणामकारक होते. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी मात्र सहानुभूतीने म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं तसलं पिकत न्हाई. तूर हाय, सोयाबीन हाय."

आत्याच्या डब्यातले एक रिकामे पाकीट मी सकाळी पर्समध्ये टाकले होते, ते काढून वर धरले.

वर्ग एकदम जागा झाला. "ही तर कंबरंची गोळी!"

"कुठे पाहिली?"

"आमच्या घरी वाटीतनं आलती," लाल रिबिनी बांधलेली पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. ती नववीत होती आणि उत्तर देताना उभे राहायचे असते, हा नियम पाळणारी वर्गात ती एकटीच होती.

या गल्लीत रिकामी वाटी परत करत नाहीत. शेजारून आमटी आली, तर वाटी परत करताना तीत मूठभर शेंगा, गुळाचा खडा, निदान चार हिरव्या मिरच्या तरी जायलाच हव्यात. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ठाऊक नव्हते आणि आता मुलांकडून कळले ते इतकेच, की शस्त्रक्रियेनंतर आत्याने या यादीत भर घातली होती. जिची कंबर दुखते तिच्या वाटीत शेंगांवर एक कॅप्सूल. पुढे ज्यांच्याकडे त्या उरल्या, त्यांनी त्या आपापल्या वाट्यांतून पुढच्या घरी पाठवल्या.

"आणि या वाट्या पोचवतं कोण?" मी विचारले.

मग एक हात वर गेला, दुसरा गेला, आणि बघता बघता जवळजवळ सगळेच. बंदरे आणि बाण काढण्यात मी आठवडा घालवला होता. बहुस्तरीय पुरवठा साखळी माझ्यापुढे गणवेश घालून, हात वर करून बसली होती.

मी ताबडतोब नियम सांगितले. ही गोळी खायची नाही, कोणाला द्यायची नाही, कोणी पाठवली तरी न्यायची नाही. घरात असेल, तर मोठ्यांना विचारून मुळात जिच्याकडून आली तिला परत करायची.

लाल रिबिनवाली पुन्हा उभी राहिली. "मग मॅडम, गोळीच्या जागी वाटीत काय घालायचं?"

"तो प्रश्न औषधशास्त्राच्या कक्षेत येत नाही," मी म्हणाले. वर्गाने याची नोंद घेतल्याचे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळले.

दुपारी आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. शाळा सुटली आणि मुले आली. प्रत्येकाच्या हातात वाटी, प्रत्येक वाटीत कॅप्सूल. विद्यार्थ्यांनी सूचना इतक्या तंतोतंत पाळल्याचा अनुभव मला पुढेही फारसा आला नाही.

"हे काय गं?" आत्याने विचारले.

"मॅडमनी सांगितलंय. जिच्याकडनं आली तिला परत द्यायची."

आत्याने कॅप्सूल काढून परातीत ठेवली आणि वाटीकडे पाहिले. रिकामी वाटी तिच्या दारातून जाणार नव्हती. तिने शेंगा घातल्या. शेंगा संपल्यावर गूळ, गूळ संपल्यावर चुरमुरे. परातीत गोळी टाकली की गूळ मिळतो, ही बातमी गल्लीत माझ्या व्याख्यानापेक्षा पुष्कळ वेगाने पसरली. दुसऱ्या फेरीत जंतांच्या गोळ्या आल्या, कॅल्शियमच्या आल्या, आणि एकाने तर आजोबांची रक्तदाबाची अर्धी गोळी आणली. ती मी त्याच्यासोबत लगेच त्याच्या आजोबांकडे परत पाठवली, तर निघताना त्याने आजोबांसाठी म्हणून गूळ मागितला.

मी हसत होते. मग परातीकडे लक्ष गेले आणि हसू थांबले. गल्लीभर विखुरलेला साठा मी एका दिवसात एका घरात आणला होता, आणि ज्या एकाच माणसाच्या हाती तो पडायला नको होता, नेमक्या त्याच माणसाच्या मांडीपुढे आणून ठेवला होता.

"बरं केलीस बाई," आत्या पदराला हात पुसत म्हणाली. "वर्षाची बेगमी झाली. आता त्या दुकानदाराचं तोंड बघायला नको."

मी परात ओढू लागले. तिने ती धरून ठेवली. आम्ही दोघी दोन बाजूंनी परात धरून बसलो असतानाच लाल रिबिनवाली आली. तिच्या वाटीत एकच कॅप्सूल होती.

"अक्का, ही आईची. आई रोज रातच्याला झोपेची गोळी घेती. काल कंबर दुखली म्हणून संगं तुमची पण घेतली." ती सरळ उभी राहून बोलत होती, वर्गात बोलली होती तशीच. "सकाळी हलवून हलवून उठवलं. लई वेळ उठंना. मला वाटलं थकून झोपली असंल. मग मॅडमनी शाळेत सांगितलं."

आत्याचा परातीवरचा हात सैल झाला.

मी मुलीसोबत धावतच तिच्या घरी गेले. आई ओट्याशी भाकरी थापत होती. मला पाहून तिने, मॅडम घरोघर हजेरी घ्यायल्यात काय, असा टोमणाही मारला. श्वास नीट होता, डोळे टवटवीत होते. या दोन गोळ्या पुन्हा कधीही एकत्र घ्यायच्या नाहीत, हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतले आणि झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगितले. दुसऱ्या वेळी मुलगीही आईसोबत म्हणाली.

परत आले तेव्हा परात रिकामी होती. सगळ्या कॅप्सूल एका मोठ्या वाटीत भरून आत्याने वर ताटली झाकली होती.

"मी चांगल्यासाठीच दिलते," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तिची आई उठलीच नसती तर?" तिने वाटी माझ्याकडे सरकवली. "भालकीला घेऊन चल ही. मी बी येते. पण त्या डॉक्टरला सांग, एकदम बंद नको. मला न्हाई सोसणार."

"एकदम बंद करायचीच नसते, आत्या. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवत नेतात. अचानक सोडली की त्रास होतो, म्हणूनच."

"हे सकाळी कामून न्हाई सांगितलीस?"

"सादरीकरणात होतं."

"कुठं?"

"नकाशानंतर."

"नकाशा कशाचा?"

"जगाचा."

"जग कुठं पळायलंय," आत्या म्हणाली आणि सोमवारच्या बसची वेळ विचारायला शेजारी गेली.

डॉक्टरांनी मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक बांधून दिले आणि वाटीतला साठा ठेवून घेतला. पुढचे आठवडे सोपे नव्हते. आत्या फोनवर मला, डॉक्टरला आणि कधीकधी गुडघ्यालाही बोल लावी. पण ठरल्यापेक्षा अधिक कॅप्सूल तिने घेतली नाही. मी पुन्हा गावी गेले, तेव्हा शेवटची कॅप्सूल घेऊन बरेच दिवस झाले होते. गुडघा अजून दुखत होता आणि ते ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती. झोप मात्र लागत होती.

संध्याकाळी तिने एका वाटीत पेरू भरले. "रिबिनवालीच्या घरी दे. त्यांची वाटी कवाधरनं इथंच राहिलीय."

मी गल्लीतून वाटी घेऊन निघाले. दार त्या मुलीनेच उघडले. तिने वाटी हातात घेतली, एकेक पेरू उचलून बाजूला ठेवला, तळापर्यंत नीट पाहिले आणि पेरू पुन्हा भरले.

"न्हाई ना काही?" मी विचारले.

"न्हाई. पण बघावं लागतंय, मॅडम."

ती वाटी घेऊन आत गेली. मी वळले, तशी आतून तिचीच हाक आली, "थांबा की, रिकाम्या हाती कुठं जायलाव?"

आतून डबे उघडल्याचा आवाज येऊ लागला. मी उंबऱ्याशी थांबले.