बुजवलेली मोरी

मालक असला तरी त्याला सगळा कारखाना घाईबुवा म्हणायचा, तेही तोंडावर. चहा ओठ भाजून प्यायचा, समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. धंदा लोखंडी कड्याकोयंड्यांना निकेलचा चकचकीत मुलामा चढवायचा. गरम हौदात माल बुडवायचा, काढला की तसाच गळता पुढच्या पाण्यात खळबळायचा. ते हिरवट पाणी मोरीतून थेट मागच्या नाल्यात. "पाणी वाहायलाच असतं," म्हणायचा.

नाल्याच्या खालच्या अंगाला त्याच्या थोरल्या बहिणीचा भाजीचा मळा. एक दिवस आक्का आली आणि पिवळी पडलेली पालकाची जुडी तिनं त्याच्या टेबलावर आपटली.

"घे. तुझ्या हातची भाजी. खा की!"

घाईबुवाचा हात पुढं होईना.

"नाही ना खाववत? मग तुझं पाणी थांबेस्तोवर मीही तुझा उंबरा ओलांडायची नाही."

आईमागं त्याला आक्कानंच वाढवलेला. गेली ती गेलीच.

दुसऱ्या सकाळी गडी येऊन बघतात तर मालक उकिडवा बसून विटा-सिमेंटनं मोरी बुजवतोय.

"अहो, पाणी जाईल कुठं?" म्हातारा मिस्त्री ओरडला.

"ते मग बघू!"

दुपारपर्यंत हौद काठोकाठ भरले, काम ठप्प. "आधी कळस मग पाया," मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. समोर आकड्याला टांगलेल्या कड्यांतून हिरवं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"मिस्त्री, हे हौदावरच निथळू दिलं तर?"

"तुम्हाला दम निघेल?"

निघाला. हौदावर आडवी दांडी बसली. शेवटचा थेंब पडेस्तोवर मालाला हात लावायचा नाही. गरम हौदाचं पाणी वाफेनं आटायचंच. त्यात नळाचं घालायच्या ऐवजी धुण्याचं सगळं पाणी गाळून घालायचं. उरला गाळ पिंपात बंद, तो नेणारी गाडी वेगळी. एक गिऱ्हाईक उशीर होतो म्हणून तुटलं. बाकीच्यांना घाईबुवाच सांगायचा, "कडी निथळतेय. बसा निवांत." मिस्त्री तोंड फिरवून हसायचा. पण निकेलही कमी लागू लागलं, तेव्हा तोही छाती काढून चालायला लागला.

मग काही महिन्यांनी एक दिवस आक्का आली. आत नाही, थेट मागं गेली. बुजवलेल्या मोरीवर धोंडा ठोकून बघितला. खालची दगडं कोरडी ठणठणीत.

"एवढी मोरी बुजवायला इतकी वर्षं लावलीस? घाईबुवा ना रे तू?"

"बुजवायला एक सकाळ लागली, आक्के. घाई जिरायला वेळ लागला." त्याची मान मात्र ताठ होती.

"फुगू नकोस. मळ्यातली नासलेली माती कोण काढणार?"

"मी!" फावडं खांद्यावर टाकून तो निघालासुद्धा.

"अरे थांब, मेल्या! आधी चहा तरी पाज," म्हणत आक्का उंबरा ओलांडून आत जाऊन बसली.