गयाबाईंची व्हीलचेअर

परवा नांदेडच्या आमच्या केंद्रात नव्या व्हीलचेअरचं प्लास्टिक काढलं, तसा रबराचा उग्र वास आला आणि मला कंधारकडच्या गयाबाई आठवल्या.

तेव्हा मी नवीनच फिजिओथेरपिस्ट झाले होते. शिबिरात खुर्ची देऊन महिना झाला, म्हणून त्यांच्या घरी पाहायला गेले. गयाबाई उंबऱ्याशी जमिनीवरच बसल्या होत्या आणि खुर्ची कोपऱ्यात, प्लास्टिकसकट. विकायला ठेवली असणार, असं मला वाटलं.

"वापरत का नाही?" मी जरा कडकच विचारलं.

"मागच्या बारीला बी दिल्ती. फोटो काढले आन दुसऱ्या गावाला घेऊन गेले. तुमी बी नेणार असाल तर सवय कशाला लावून घिऊ?"

"मी नाही नेणार," मी म्हणाले.

"मग लिहून द्या."

मला तसा अधिकार नव्हता. तरी डायरीचं पान फाडून लिहिलं, खाली सही केली. त्यांनी ते शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं आणि मगच मला खुर्ची उघडू दिली.

संशय त्या दिवशी आम्हा दोघींनाही होता. त्याला कारण मात्र फक्त त्यांच्याकडे होतं.