तारीख उलटलेली बाई

डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली, त्या दिवशी मी पडेगावच्या घरी ओसरीवर बसून भाजलेल्या शेंगा फोडून खात होते. पोटात काही म्हणजे काही होत नव्हतं. समोर दोन बायका बसल्या होत्या आणि माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू एसटी सुटायची वेळ होऊन गेली आणि ड्रायव्हर अजून चहाच पितोय.

त्यातली एक माझी माय. वडील गेल्यापासून ती या घरात एकटी राहते. भाऊ पुण्याला असतो. सोबतीला दोन म्हशी आणि बोलायला अख्खी गल्ली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तिच्याकडं आले होते. दुसरी माझी सासू. आयुष्यभर बँकेत काम करून निवृत्त झालेली, सुती साडीची घडी कधी न विस्कटलेली. त्या ‘दोन दिवस डोकावून जाते’ म्हणून शहरातल्या फ्लॅटवरून आल्या होत्या. बरोबर आणलेली बॅग बघूनच मी ओळखलं होतं, की बाळाचं तोंड बघितल्याशिवाय ही बॅग काही परत जात नाही.

आमचं लग्न आम्हीच जमवलेलं. दोन्ही घरांत तिखटाच्या मापापासून बोलण्याच्या पट्टीपर्यंत काहीच जुळत नव्हतं. लग्नानंतर या दोघी एका छपराखाली पहिल्यांदाच मुक्कामाला आल्या होत्या, आणि तेही एकाच प्रश्नावरून भांडायला. मला दवाखान्यात नेऊन कळा आणायच्या, की आपोआप यायची वाट बघायची?

“डॉक्टर कशासाठी आहेत मग?” सासूबाई म्हणायच्या. “तारीख उलटली की ॲडमिट व्हायचं, सलाइन लावायचं, मोकळं व्हायचं. उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला कशाला?”

“लेकरू काय पार्सल हाय व्हय, तारखेला यायला?” माय म्हणायची. “त्याला यायचं तवा ते येतंय. तुमी लई घाई करायला विहीणबाई.”

डॉक्टरांकडं दोघी बरोबर आल्या. डॉक्टर कमी बोलणाऱ्या बाई होत्या, पण त्या दिवशी त्यांना बरंच बोलावं लागलं. तारीख हा अंदाज असतो, चार दिवस इकडंतिकडं होणारच, असं म्हटल्यावर माय खुश झाली. पण फार थांबणंही बरं नाही, आठवडाभर बघू, नाहीतर आपण कळा आणू, असं म्हटल्यावर सासूबाई खुश झाल्या. मला त्यांनी सांगितलं, की एक दिवसाआड येऊन बाळाचे ठोके तपासून जायचे, आणि पोटातली हालचाल कमी वाटली तर कुणाला न विचारता सरळ दवाखाना गाठायचा. शेवटी त्या म्हणाल्या, “तसं दोघींचंही बरोबर आहे.” मला वाटतं, वैद्यकीय आयुष्यातली ती त्यांची मोठी चूक होती. पडेगावला पोचेपर्यंत रिक्षात दोघी एकमेकींना सांगत होत्या, “बघा, डॉक्टर काय म्हणाल्या!”

मला मात्र थांबण्यात काहीच अडचण नव्हती. पाठ दुखायची, पाय सुजायचे, कुशीवर वळायला लोकांची मदत लागायची, हे खरं. पण इतकी बडदास्त माझी जन्मात कधी राहिली नव्हती. माय सकाळी सायीचं दही द्यायची. ते कळलं की सासूबाई साजूक तुपातला शिरा करायच्या. मी दोन्ही पार्ट्यांचं खायची आणि मत गुप्त ठेवायची.

फोनचा तेवढा त्रास होता. सगळ्यांचा एकच प्रश्न, “झालीस का मोकळी?” पहिल्या दिवशी मी नीट उत्तरं दिली. नंतर कंटाळले. एका मामींनी विचारलं, “काय झालं गं? मुलगा की मुलगी?” मी म्हटलं, “मामी, अजून ठरलं नाही, मीटिंग चालू आहे.” दुसऱ्या एका आत्याला सांगितलं, “झाले हो मोकळी, फक्त तुम्हालाच कळवायचं राहिलं.” आत्या संध्याकाळी झबली-टोपडी घेऊन दारात हजर. माझं पोट बघून त्यांनी जो चेहरा केला, तो आठवला की अजून हसू येतं. झबली मात्र ठेवून घेतली.

मायचं ‘वाट बघायची’ म्हणजे गप्प बसून बघायची असं नव्हतं. सासूबाईंच्या सलाइनच्या आधी कळा यायला हव्यात, नाहीतर आपण हरलो, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणून तिनं मला फरशी पुसायला लावली, उकिडवं बसून, हातानं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. “या दिवसांत हिला फरशी पुसायला लावता?” असं म्हणून त्या स्वतः पदर खोचून पुसायला बसल्या. दुसऱ्या दिवशी मायनं पुन्हा फडकं दिलं, त्यांनी पुन्हा घेतलं. आठवडाभर आमच्या घरची फरशी निवृत्त बँक अधिकाऱ्यानं पुसली आणि माय मला डोळा मारून म्हणायची, “काम लई निर्मळ हाय बाईचं.”

संध्याकाळी मला चालवायला न्यायच्या. एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला सासूबाई. दौलताबाद रोडच्या आतल्या गल्लीतून आमची वरात निघाली, की दारादारातून प्रश्न यायचा, “कवा हाय?” सासूबाई तारीख सांगायला तोंड उघडायच्या, तेवढ्यात माय म्हणायची, “हुईल तवा हुईल!”

मग आलं ते एरंडेल.

मायनं दुपारी पेलाभर दूध आणलं. सुंठ, वेलदोडा, भरपूर साखर, वर थोडं केशर. मायच्या हातून केशर कधी सुटत नाही, तेव्हाच मला संशय आला. वास घेतला, तर खाली एरंडेल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की असलं काही घ्यायचं नाही, जुलाब होऊन हाल होतील आणि बाळालाही त्रास होईल. मी मायला ते सांगितलं. माय म्हणाली, “तुझ्या टायमाला मी पिले. काय झालं मला?” मी म्हटलं, “बरं, ठेव. गार झालं की घेते.” आणि ती म्हशीकडं गेल्यावर मोरीत ओतून देऊ, असं ठरवून पेला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला.

तेवढ्यात माझा डोळा लागला.

नवरा वाळूजला एका कारखान्यात आहे. पहिली पाळी करून तो त्या दिवशी परस्पर पडेगावला आला. बाहेर ऊन, माय म्हशींकडं, घरात आम्ही दोघी निजलेल्या, ओट्यावर झाकून ठेवलेलं केशरी दूध. त्याला वाटलं, सासूनं जावयासाठी करून ठेवलंय. सासुरवाडीचा मान म्हणून तो एका दमात प्यायला. जाग आल्यावर रिकामा पेला बघून मी विचारलं, तर म्हणाला, “मसाला दूध ना? जरा तेलकट होतं, पण मी काही बोललो नाही. तुझ्या आईला वाईट वाटेल.”

मी काय सांगणार? थोड्या वेळानं सांगायची गरजच उरली नाही.

माय म्हशी बांधून आली आणि आशेनं माझ्याजवळ बसली. “पोरी, काय वाटायलंय का पोटात?”

“मला नाही,” मी म्हटलं. “जावईबापूंना विचार.”

जावईबापू तेव्हा संडासात होते. ते त्या दिवशी बरेच वेळा तिथं होते. दुसऱ्या दिवशीची पाळी बुडणार हे दिसल्यावर त्यानं आतूनच सुपरवायझरला फोन लावला. “सर, उद्या जमणार नाही,” एवढंच तो कळवळून बोलला. पलीकडून आनंदानं विचारणा झाली, “सुरू झालं का?” तो बिचारा खरं बोलणारा माणूस. “हो सर, दुपारपासून सुरू आहे.” अर्ध्या तासात त्याच्या अख्ख्या लाइनला बातमी गेली. शुभेच्छा, पेढ्यांच्या मागण्या, एकानं तर बाळासाठी नावंसुद्धा पाठवली. सासूबाईंना खरा प्रकार कळला तेव्हा मला वाटलं, आता बॅग भरली जाते. त्या आधी मायकडं बघत राहिल्या, मग बंद दाराकडं, आणि मग खुर्चीत बसून पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मायनं त्यांना पाणी दिलं. मुलाला ताक-भात त्यांनीच भरवला, पण मायशी त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट गप्पा मारल्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांचा चेहरा बदलला. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी दिसत होतं. घाबरायचं कारण नाही, ठोके उत्तम आहेत, पण आता आणखी थांबायचं नाही, उद्या सकाळी हलकं खाऊन ॲडमिट व्हा, कळा आणू, असं त्यांनी सांगितलं.

मी दोघींकडं पाहिलं. आता सासूबाई जिंकल्या, असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा उतरला होता. “डॉक्टर,” त्या हळूच म्हणाल्या, “आणखी एखादा दिवस वाट बघून नाही चालणार? आपोआप आल्या तर बरं ना?”

“आता कशाची वाट बघायची?” माय जोरात म्हणाली. “डॉक्टर म्हणतेत उद्या, तर उद्याच. पाणी कमी झालंय म्हणतेत, ऐकू नाय आलं व्हय तुमाला?”

आठवडाभर भांडून दोघींनी एकमेकींचं मत इतकं पटवून घेतलं होतं की दोघींनीही पार्टी बदलली होती. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मी हसले, पण घरी आल्यावर हसू टिकलं नाही. वाट बघत होते तोवर भीती लांब होती. आता तिची वेळ ठरली होती. सासूबाई माझे केस विंचरायला बसल्या आणि म्हणाल्या, “मलाही कळा आणल्या होत्या गं. त्या वेळी कुणी काही समजावून सांगत नसत. बाहेर कोण आहे, हेसुद्धा आत कळायचं नाही. म्हणून मला वाटायचं, तारीख ठरलेली असावी, म्हणजे सगळी माणसं हजर असतील.” इतके दिवस मी त्यांना नुसत्या शिस्तीच्या समजत होते. मी डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकवलं.

सकाळी नवऱ्यानं मित्राची गाडी आणली. वाटेत छावणीच्या बाजारात एका गाडीवर पोहे मिळतात, वर झणझणीत रस्सा घालून. नऊ महिने सासूबाईंनी मला तिथं फिरकू दिलं नव्हतं. मी म्हटलं, “डॉक्टर हलकं खायला म्हणाल्यात. पोहे हलकेच असतात.” भीतीमुळं सगळे इतके मऊ झाले होते की गाडी थांबली. प्लेट हातात आली, पहिला घास घेतला आणि कमरेतून एक कळ निघाली ती पोट आवळून गेली. मी थांबले. गेली. दुसरा घास घेतला. थोड्या वेळानं पुन्हा आली.

मला कळलं. पण हेही कळलं, की आत्ता तोंडातून शब्द निघाला तर प्लेट हातातून जाईल. मी दात आवळून पोहे संपवले. माय म्हणाली, “लई तिखट हाय का? डोळ्यात पाणी आलंय.” मी म्हटलं, “हो, रस्सा भारी आहे.”

दवाखान्यात पोटाला पट्टे बांधून मशीन लावलं. कागदावरची रेघ बघून डॉक्टर म्हणाल्या, “अहो, तुमच्या कळा तर सुरू झाल्यात! जाणवत नाहीत का?”

“जाणवतात,” मी म्हटलं. “पण पोहे संपायचे होते.”

दाराबाहेर ही बातमी गेली आणि मायचा आवाज आला, “बघा! आपोआप आल्या!” काल ती दुसऱ्या पार्टीत होती, हे ती विसरली होती. पण दुपारपर्यंत कळा यायच्या आणि मंदावायच्या. शेवटी डॉक्टरांनी कळा वाढवायचं सलाइन लावलं. आता सासूबाईंचा आवाज, “बघा, लागलंच ना सलाइन!” त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की त्या कळांपुढं सकाळच्या कळा म्हणजे चेष्टा होती, की मी नवऱ्याला त्याच्या तोंडावर जे बोलले ते कुणीही मनावर घेतलं नाही, आणि डॉक्टर सारख्या म्हणत होत्या, “शाब्बास, आणखी एकदा.” ऊन खिडकीतून उतरत होतं तेव्हा मुलगी झाली. काळीभोर जावळं आणि कपाळाला आठ्या, उठवलं म्हणून रागावल्यासारखी. तिला माझ्या छातीवर ठेवलं, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

मग नर्स तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर दाखवायला घेऊन गेली. थोड्याच वेळात बाहेर कलकल ऐकू यायला लागली. मायचा आवाज, सासूबाईंचा आवाज, पुन्हा मायचा. नर्स बाळासकट दारातून आत डोकावली. मी विचारलं, “आता काय झालं?”

“अहो, भांडायल्यात दोघी,” नर्स म्हणाली. “ही म्हणती पयले तुमी घ्या, ती म्हणते नाही नाही, तुमचा मान. आणि बाळाचे पप्पा भिंतीला धरून उभेत. कुणीच हात पुढं करंना.”

“मग आणा तिला माझ्याकडंच,” मी म्हटलं, आणि दोन्ही हात पुढं केले.