जैतुनबीच्या ओढणीचा रंग

उस्मानपुऱ्यातली जैतुनबी म्हणजे पायाला भिंगरी लावलेली बाई. निजामाच्या अमलातली ती शेवटची दोन-चार वर्षं. तिचा नवरा युसूफमियाँ हिमरूचं नक्षीदार कापड विणायचा, आणि त्याच्या धोट्यात जाणाऱ्या रेशमाच्या कांड्या ती भरायची. कांड्यांवरून उठली की चुलीपाशी, चुलीवरून उठली की अंगणात. बसणं म्हणून माहीत नाही. पण पंचवीस वर्षांत युसूफनं तिच्या कांडीला कधी नाव ठेवलं नव्हतं. म्हणून त्या रमजानात तो खेकसला, तेव्हा ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

"जैतून, पांढरी कांडी मागितली तर पिवळी देती? डोळे चुलीत घातले का?"

कांडी तर दुधासारखी पांढरी होती. जैतुनबीनं ती दारातल्या उजेडात धरून बघितली, उलटीसुलटी केली आणि दुसरी भरायला घेतली. उपाशी माणसाच्या तोंडी कोण लागणार!

गेल्या हिवाळ्यात युसूफचं काळीज बिघडलं होतं. पायांवर सूज, दोन पावलं टाकली की धाप. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषधाची बाटली दिली. बाटलीवर मापाच्या खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी डकवलेली. एका खुणेएवढं औषध एका वेळेला, सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्या औषधानं सूज उतरली आणि माणूस परत मागावर बसला. रमजान लागला तसे मियाँनी कुणाला न विचारता रोजे धरले.

"अन् दुपारचं औषध?" जैतुनबीनं विचारलं होतं.

"ते मी बरोबर बसवलंय. तू कांड्या भर."

हिमरूच्या मागाला दोघं लागतात. खाली विणणारा, आणि वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढणारा. वर असायचा चिकलठाण्याचा सांडू. त्या साली श्रावण आणि रमजान बरोबरच आले होते, त्यामुळं सोमवारी खालचाही उपाशी आणि वरचाही उपाशी, अन् दोघांचीही डोकी तापलेली.

अशाच एका सोमवारी सांडू वरून ओरडला, "मिया, पांढऱ्या बुट्टीत पिवळं भरू राहिला की तू! नवरदेवाची शेरवानी हाय का हळदीचं फडकं?"

"तुला मोतीबिंदू झालाय!"

"मला व्हय? भाभीला विचार की!"

जैतुनबी आली. युसूफनं टोपलीतून स्वतःच्या हातानं पांढरी म्हणून पिवळी कांडी उचलली होती; चार बोटं कापड विणून झालं होतं आणि त्यातली एकूणएक बुट्टी पिवळी होती. ती काही बोलणार, तेवढ्यात युसूफनं तिच्याकडं मान वर करून बघितलं.

"अन् तू ही पिवळी ओढणी कधी घेतली?"

तिच्या डोक्यावरची ओढणी पांढरी होती. लग्नापासून तिनं घरात पांढऱ्याशिवाय ओढणी घेतली नव्हती. चार दिवसांपासून इफ्तारला त्याला घास जात नव्हता, खजुराच्या वासानंही उमळत होतं. उन्हाचं असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं. ती धावत कोनाड्याकडं गेली. दहा दिवसांची बाटली सहाव्या दिवशीच तळाला गेलेली.

"पहाटे सहेरीला तीन खुणा एकदम घेतो," युसूफ म्हणाला, जणू मोठी अक्कल लढवली. "दिवसाची बेगमी. अन् इफ्तारनंतर छाती धडधडती, तेव्हा आणखी दोन."

"या अल्ला! अजी, हे औषध हाय का बिर्याणी, एकदाच पोटभर खाऊन घ्यायला?"

सांडू वरून उतरला आणि टांगा घेऊन आला.

डॉक्टरनं मनगट धरून घड्याळाकडं किती तरी वेळ बघितलं. "नाडी पार मंदावलीय. हे औषध मापात असलं तर औषध, माप सोडलं की विष. पांढरं अन् पिवळं एकसारखंच दिसतंय ते त्यामुळंच. आता मी सांगेपर्यंत एक थेंब घ्यायचा नाही. पाणी, पेज वेळेवर. रोज नाडी दाखवायची. आणि रोज्याचं नाव काढायचं नाही."

मशिदीतल्या हाफिजजींनीही तेच सांगितलं. बिमाराला खुदानंच सवलत दिलीय. बरं होण्यासारखं दुखणं नसेल, तर एकेका रोज्यामागं एका गरिबाला जेवू घाला. जैतुनबी त्या दिवसापासून मशिदीपाशी बसणाऱ्या आंधळ्या रहीमला जेवण नेऊन देऊ लागली.

पण युसूफचं मन काही मानेना. "गल्लीतली पोरं रोजे धरतात, अन् मी भर दिवसा पेज ओरपू?" जैतुनबी रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहायची. "सांगा, माझी ओढणी कशी?" दोन दिवस "पिवळी." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पांढरी." चौथ्या दिवशी, "पांढरीच." आणि पाचव्या दिवशी त्यानं पेजेचा वाडगा बाजूला सारला.

"आज रोजा हाय माझा. मला सगळं नीट दिसतंय."

"डॉक्टरला विचारलं?"

"माझे डोळे मला कळत नाहीत का?"

ती घरभर फिरत राहिली. कांडी हातात घ्यावी तर सुटे, चुलीपाशी जावं तर कशाला आलो तेच आठवेना. खरं बोलतो का हा माणूस? दुसऱ्याच्या डोळ्यात शिरून कसं बघायचं? फिरता फिरता तिची नजर हळदीच्या डब्यावर गेली आणि ती थबकली. डोक्यावरची ओढणी तिनं काढली, पाण्यात मूठभर हळद कालवली, ओढणी बुचकळली, पिळली, उन्हात धरली. अर्धी ओली असतानाच डोक्यावर घेऊन मागापाशी गेली. वरून सांडूनं आ वासला. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"अजी, माझी ओढणी कशी दिसती?"

"कितीदा विचारशील?" युसूफनं वर बघितलं, नीट बघितलं. "पांढरी! बगळ्यासारखी पांढरी!"

सांडूच्या हातातली दोरी सुटली. जैतुनबीनं ओढणीचा पदर नवऱ्याच्या नाकापाशी धरला. हळदीचा वास आला तसा त्याचा चेहरा उतरला.

"रोज्यात खोटं बोललात," ती म्हणाली. "तेही रोज्यासाठी! जीव खुदाची अमानत, त्याची ठेव म्हणता ना? मग त्याचीच अमानत मोडून त्यालाच नजराणा देता?" तिनं पदर खाली सोडला. "मला लई भ्या वाटतं हो. तुम्ही निजलात की मी छातीवर हात ठेवून ठोके मोजती."

युसूफनं हातातला धोटा बाजूला ठेवला.

"मला बी वाटतं," तो म्हणाला. "रोजा सोडला की मी बिमार हाय हे खरं होतं गं."

"ते सोडायच्या आधीपासूनच खरं हाय, मिया," सांडू वरून म्हणाला. "पी आता."

युसूफनं वाडगा हातात घेतला. पेज गार झाली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते न पुसता त्यानं ती सगळी प्यायली.

पुढं नाडी ताळ्यावर आल्यावर डॉक्टरनं औषध परत सुरू केलं. एका वेळेला एक खूण, आणि बाटली आता जैतुनबीच्या ताब्यात. राहिलेले सगळे रोजे रहीमला जेवण गेलं.

ईदच्या सकाळी जैतुनबी तीच ओढणी घेऊन शीरखुर्मा वाढत होती. तीनदा साबण लावून धुतलेली, स्वच्छ. त्या दिवशी तिनं काही विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच नव्हती. युसूफनं वाटी घेतली आणि तिच्या खांद्याकडं बघत राहिला.

"जैतून, हळद पुरती निघाली नाही गं. इथं कडेला राहिलीय, बोटभर."

तिनं कड हातात घेऊन बघितली. खरंच होती, बोटभर. ती खाली बसली आणि हुंदके देऊन रडली, आणि ती कड तिनं पुढं कधी घासून धुतली नाही.